यानात कुणी दमत नाही

“तुम्ही माझं अर्धंच छापलंय,” पगारे मॅडम फोनवर म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर सोपं गेलं असतं.

आदल्या दिवशी, आमच्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीत, त्यांचा वाचक-प्रतिसाद आला होता. त्यांच्याच कॉलनीतल्या शिरसाठ सरांच्या पहिल्या कादंबरीवर. सर मूळ देवळ्याचे, निवृत्त विज्ञान शिक्षक. कादंबरीत गुरूच्या एका चंद्राकडे निघालेलं यान आहे. मॅडमनी स्पष्ट लिहिलं होतं. यानातली माणसं वर्गात शिकवल्यासारखी बोलतात. कुणी दमत नाही. एवढी वर्षं एका खोलीत राहून कुणी कुणावर वैतागत नाही. शेवटच्या परिच्छेदात मात्र मनापासून कौतुक होतं. तो परिच्छेद छापला गेला नाही.

यात वेगळं काही घडलं नव्हतं. पान लागलं होतं, म्हणजे सगळा मजकूर आपापल्या जागी बसला होता. मग एका फर्निचरवाल्याची जाहिरात आली. अशा वेळी मजकूर खालून कापतात. बातमीत महत्त्वाचं आधी लिहिलेलं असतं, त्यामुळे खालचं गेलं तरी बिघडत नाही. पान लावणाऱ्या ऑपरेटरने कापू का विचारलं, मी हो म्हटलं. वाचक बातमीसारखं लिहीत नाहीत. ते चांगलं शेवटासाठी राखून ठेवतात.

“सरांना मूळ मेल दाखवा ना,” मी म्हटलं.

“दाखवला. म्हणाले, ताई, पेपरवाल्यांनी त्यातलं खरं तेवढं ठेवलं.”

“मग?”

“दुसरा भाग लिहीत होते. सगळे कागद बांधून माळ्यावर टाकलेत. शिरसाठ काकू सांगत होत्या. माझ्यामुळे माणूस लिहायचा थांबला, तर त्यांच्या दारावरून मी जाऊ कशी?”

मी संपादकांकडे गेलो.

“खुलासा कसला?” ते म्हणाले. “चुकीचं काही छापलंय का?”

“नाही. कौतुक राहिलं.”

“मग कौतुक आधी लिहायचं ना बाईंनी.”

“त्या बँकेत आहेत, साहेब. डेस्कवर नाहीत.”

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “उर्वरित भाग म्हणून टाका. खालच्या कोपऱ्यात. आणि पुन्हा जाहिरात आली तर माझ्याकडे येऊ नका.”

जाहिरात आली नाही. पुढच्या रविवारी कोपऱ्यात परिच्छेद छापून आला. पृथ्वीकडून उत्तरं येणं बंद होतं, तरी यानातली सुलभा रोजची खबर पाठवत राहते. ती पानं मी सिटीबसमध्ये वाचली आणि द्वारकेच्या स्टॉपवर उतरायचं राहून गेलं, असं मॅडमनी लिहिलं होतं.

दोन दिवसांनी शिरसाठ सर ऑफिसात आले. बारीक अंगाचे, इस्त्रीच्या शर्टातले. दोन्ही कात्रणं त्यांनी एका कागदावर खाली-वर चिकटवून आणली होती.

“जोडून वाचलं,” ते म्हणाले.

“बरं झालं, सर. गैरसमज गेला.”

“कौतुक शेजारधर्माचं आहे हो. ताई बसमध्ये नेहमीच पेंगतात.” ते खुर्चीवर टेकले. “पण वरचं बरोबर आहे. माझ्या यानात कुणी दमत नाही. एवढी वर्षं शिकवलं, रोज दमून घरी आलो, आणि नेमकं तेच लिहायचं राहिलं.”

“मग आता?”

“कागद खाली काढलेत. दुसऱ्या भागात सगळ्यांना दमवतो.” चहा घेऊन ते निघाले. दारात थांबून म्हणाले, “तुम्ही वाचलीत का कादंबरी?”

“नाही, सर.”

“असू द्या. तुम्ही दमलेले दिसताच.”

मॅडमचा नंतर फोन आला नाही, म्हणजे त्यांच्या बाजूने प्रकरण मिटलं असावं. तेव्हापासून वाचकांचा मजकूर मी मधून कापतो. आजवर एकाचीही तक्रार आलेली नाही.