बंद दाराआडची हक्कसोड

खरेदीखत लिहिण्याआधी जमीन पायी फिरून यायची, ही माझी जुनी खोड. सातबारा समोर असताना चपला कशाला झिजवता, म्हणून कोर्टातले सहकारी चिडवायचे. पण गंगापूर रोडला तेव्हा द्राक्षबागा होत्या. दुपारी मांडवाखालून चालताना ऊन हिरवं होऊन अंगावर पडायचं. पूर्वेस पाट, दक्षिणेस नाला, पश्चिमेस चुलत्याचं शेत, अशा चतुःसीमा घोळवत मी भटकायची आणि पक्षकार, तारखा, सगळं कुठल्या कुठे जायचं. आता तिथं इमारती आहेत. त्यांच्या लिफ्टमध्ये मला अजून कधी कधी पाटाचं पाणी ऐकू येतं. कुणाला सांगत नाही. विक्षिप्त बाई म्हणून नाव आधीच झालेलं आहे.

दुसरी खोड जास्त त्रासाची. हक्कसोड, म्हणजे बापाच्या जमिनीतला वाटा बहिणीनं भावाला सोडल्याचा कागद, मी बहिणीला एकटीला वाचून दाखवायची. बाकी सगळे बाहेर. रीत अशी, की बहिणीनं न विचारता सही करायची आणि भावानं साडीचोळी करायची. त्यामुळे माझं बंद दार पुष्कळांना खुपायचं. हे विकतचं दुखणं कशाला घेता, असं सहकारी म्हणत. मी घ्यायची.

एकदा अशाच एका बागेची लेक आली. विंचूरला दिलेली, पन्नाशीची. थोरला भाऊ स्वतः गाडीतून घेऊन आला होता. बाग बिल्डरला विकायची ठरली होती, हिची सही तेवढी राहिली होती. दार लावून मी वाचायला लागले. चतुःसीमा आल्या तसे तिनं डोळे मिटले. पाटाशी ती जराशी हसली. मग मीही सावकाश वाचू लागले, आणि थोडा वेळ आम्ही दोघी त्या मांडवाखालीच होतो.

डोळे उघडून ती म्हणाली, “बाई, दिवाळीला दादा मला न्यायला येईल, असं यात कुठं हाय?”

“तसं कागदात लिहीत नाहीत.”

“आन सही नाय केली तर?”

“तर वाटा तुमचाच राहील.”

“वाट्याचं नाय इचारत. तो येईल का?”

याला माझ्याकडे कलम नव्हतं. मला तिची फार माया आली. “त्यांनाच विचारा,” म्हणून मी दार उघडलं.

भाऊ आत आला, मागोमाग बिल्डर. तिनं सरळच विचारलं, “दादा, सही नाय केली, तर दिवाळीला येशील का न्यायला?”

त्यानं बिल्डरकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “आधी सही तर कर. मग बघू.”

 तिनं सहीसाठी ठेवलेल्या पेनाला टोपण लावून ते माझ्याकडे सरकवलं.

“वाटा माझ्याच नावावर राहू द्या, बाई,” ती म्हणाली. “माहेर तर आत्ताच गेलं.”