टाकीतला पापड

नथूभाऊ जन्माचे संशयी. एसटीच्या पाटीवर ‘वैशाखरे’ लिहिलेलं असलं तरी कंडक्टरला विचारायचे, आणि तो हो म्हणाला की ड्रायव्हरला. मी हसायचो.

अठ्ठ्याण्णव साली मुरबाडच्या एका कारखान्यात आम्ही दोघं कंत्राटावर नव्या टाक्या वाळवायचो. गळती तपासायला टाकी पाण्याने भरायची, रिकामी करायची, मग गरम हवा सोडून कोरडीठाक करायची. त्या वेळच्या टाकीत आम्ल भरायचं होतं. तळाला थोडं पाणी राहिलं तरी आम्ल उसळून अंगावर येणार. आणि भरताना व्हॉल्व्हवर नथूभाऊंचे जावई धम्मपाल असणार होते. त्यांच्या मुलीच्या, पल्लवीच्या लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते.

ओलावा मोजायच्या मीटरने टाकी कोरडी दाखवली. नथूभाऊंनी मात्र घरून आणलेला भाजका पापड दोरीने थेट तळापर्यंत सोडला. दुपारी काढला.

“सादळला. टाकी वाळली नाय.”

“हजेरी वाढवायचे धंदे!” हेमंत सुपरवायझर म्हणाला. “ओला हात लावला असशील. उद्या माझा पापड, झाकणाला माझं कुलूप. कडक निघाला तर तू गेटबाहेर.”

मला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेमंतने कुलूप काढलं. पापड कुरकुरीत. तो माझ्याकडे बघून हसला, आणि खरं सांगतो, क्षणभर मलाही नथूभाऊंचा संशय आला. ते मात्र दोरीकडे बघत होते. दोरी हातभरच होती.

“साहेब, झाकणाखाली टांगला काय? पानी काय वर बसतंय?”

हेमंतने तोच पापड लांब दोरीने तळाला सोडला. संध्याकाळपर्यंत त्याची चिंधी झाली. तळाचा नळ उघडला तर तांब्याभर पाणी आलं.

आणखी तीन दिवस गरम हवा चालली. चौथ्या दिवशी तळातला नवा पापड कटकन मोडला. हेमंतने स्वतः मोडला. भरायची वेळ झाली तेव्हा सगळ्यांना लांब जायला सांगितलं. नथूभाऊ जावयाशेजारून हलेनात.

“मामा, आता तरी संशय फिटला ना?” धम्मपालने विचारलं.

“नाय फिटला,” नथूभाऊ म्हणाले. “म्हनून तर हितं उभा हाय. उघडा तुमी.”