हरिदासची नाव अन् इहिनीचं लुगडं

हरिदासची सारी नोकरी हत्तीगोट्याच्या तलावाचं तुडूम उघडण्यात अन् बंद करण्यात गेली. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांत सोडायचं दार. तलावाच्या बांधावर, पारीवर उभं राहून लोखंडी चाक फिरवायचं, पाणी सुटलं की गावाले हाक द्यायची, बांध्या भरल्या की चाक उलटं फिरवायचं. अन् असं कसायचं की थेंब गळू नये. गळला तर खालचा बांधीवाला सकाळी दारात भांडायले हजर. त्यामुळं हरिदासच्या हाताले एकच गोष्ट कळायची, कसणं. घरचा नळ त्यानं बंद केला की गिरजाबाईले तो पकडीनं उघडावा लागे. लोणच्याच्या बरणीले त्यानं झाकण लावलं की शेजारच्या पोट्ट्याईले बोलवावं लागे.

नोकरी सुटल्यावर माणसं पानठेल्यावर बसतात. हरिदासनं नाव आणली. तलावाकाठी कोण्या नागपूरवाल्यानं हॉटेल काढलं होतं, ते कमरेएवढ्या भिंती होऊन थांबलं. त्यानं हौसेनं आणलेली फायबरची जुनी शिडाची नाव पळसाखाली पडून राहिली होती. पाला साचला, मुंगसानं बाळंतपणं केली. हरिदासनं विचारलं तर मालक म्हणाला, घेऊन जा, जागा मोकळी होईल.

नाव तशी देखणी. मधात अल्युमिनिअमची डोलकाठी, समोर बुटकी खोली, तिच्यात दोन माणसं वाकून बसतील. अन् त्या खोलीवरचं जे सपाट छप्पर, ज्याले हरिदास नावेची पाठ म्हणे, त्या पाठीवर दोर गुंडाळायची स्टीलची शिंगं, कप्प्या अन् कड्या बोल्टांनी बसवलेल्या. शिडाले चार-दोन ठिगळं होती. गाव त्या नावेले ‘हरिदासचा टप’ म्हणे. पण वारा सुटला अन् शीड भरलं की त्याच्या तोंडावर जे हसू येई, ते लग्नाच्या फोटोतही नाही, असं गिरजाबाईच सांगे.

त्यांची लेक संघप्रिया तलावाच्या पैलतीरच्या गावात दिलेली. डोळ्यांनी दिसतं ते गाव, पण रस्त्यानं जायचं तर नागभीडवरून फिरून, दोन बसगाड्या बदलून. नावेनं मात्र वारा असला तर चहा थंड होईस्तोवर. गिरजाबाईनं नावेले नावं ठेवली नाहीत ती याच एका कारणानं.

मग मागच्या सालची मंडई आली. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं, दंडार, रातभर नाटक, अन् घरोघर पाहुणे. लेकीच्या गावची मंडई म्हणजे आईबापानं गेलंच पाहिजे. गिरजाबाईनं नवं लुगडं नेसलं, कानोल्यांचा, म्हणजे करंज्यांचा डबा मांडीवर घेतला अन् त्या बुटक्या खोलीत जाऊन बसली. अर्ध्या तलावात वारा उलटला. लाटा नावेच्या पाठीवरून गेल्या, अन् एकेका शिंगाच्या बोल्टाखालून पाणी गळू लागलं. धार नाही, पण थांबेल तर शपथ. गिरजाबाई एका बाजूनं दुसऱ्या बाजूले सरकली तर तिकडचा बोल्ट गळायले लागला. नाव काठाले लागली तोवर ती नखशिखांत ओली अन् कानोल्यांची खीर झालेली.

इहीन, म्हणजे लेकीची सासू धुरपताबाई काठावर उभीच होती. सारी पाहुणेमंडळी मागं. ती हसली नाही, हेच गिरजाबाईले जास्त लागलं. हात धरून घरात नेलं अन् आपलं जुनं लुगडं काढून दिलं. अख्खी मंडई गिरजाबाई इहिनीच्या लुगड्यात फिरली. अन् धुरपताबाई येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत होती, “माह्यंच आहे जी. बसलं ना पण बाईले!”

त्या संध्याकाळी इहिनीच्या ओसरीवरच गिरजाबाई म्हणाली, “मी आता या टपात पाय ठेवणार नाई.”

हरिदासलेही सर्वांसमोर ताव चढला. “पुढच्या मंडईले तुले कोरडी नाई आणली, तं ही नाव मी ढिवरांच्या सोसायटीले देऊन टाकीन. मासे ठेवतीन तिच्यात.”

बोलून तर गेला. माणूस असा की बोललेलं मागं घेणं त्याले नळ सैल सोडण्याइतकंच जमत नाही.

इहिनीचं लुगडं गिरजाबाईनं धुतलं, घडी घातली अन् पेटीत ठेवलं. मधात लेक दोनदा येऊन गेली, पण तिच्या हाती परत पाठवलं नाही. “मीच नेऊन देईन,” म्हणाली.

आता पाणी गळण्याचं खरं कारण सांगतो. तलावाखालच्या टोल्यावर, छोट्या वस्तीत, कोलू म्हणून म्हातारा आहे. जन्मभर डोंगे कोरले, फळ्यांच्या नावा बांधल्या. फळ्यांची नाव उन्हाळ्यात वाळली की सांधे उघडतात. मग ती गोटे भरून पाण्यात बुडवून ठेवायची. लाकूड पाणी पिते, फुगते, सांधे मिटतात. आमच्याकडं सारे हेच करतात. त्या मंडईआधी हरिदासच्या नावेत दोन थेंब दिसले, तेव्हा कोलूनं तेच सांगितलं, “मुरू दे भाऊ तिले पाण्यात.” दोघांनी गोटे भरून नाव पाठीसकट बुडवली अन् चांगली मुरू दिली. थेंबाचा पाझर झाला तो तेव्हापासून.

पावसाळा सरल्यावर हरिदास नावेच्या पाठीवर चढला तर शिंगाजवळ पाय ओल्या गादीवर पडावा तसा दबला. तेव्हा तो नागभीडले गेला अन् अतुलले घेऊन आला. अतुल बसस्टँडमागं फायबरची दारं अन् पाण्याच्या टाक्या बनवतो. त्यानं सारी कहाणी ऐकली अन् हसत हसत तिथंच पारीवर बसला.

“बुडवून ठेवा म्हून कोनं सांगतलं होतं भाऊ?”

हरिदासनं कोलूकडं पाह्यलं. कोलूनं तलावाकडं.

“फायबर पाणी पेत नाई,” अतुल म्हणाला. “पण ह्या पाठीच्या पोटात प्लाय आहे. वरतं फायबर, खालतं फायबर, मधात प्लाय. बोल्टाच्या भोकातून पाणी आत गेलं की त्याले बाहेर याचा रस्ताच नाई. अन् तुमी तिले अख्खीच बुडवली.”

“लाकूड फुगते ना पण,” कोलू म्हणाला.

“फुगते ना बाबा. फुगते, अन् मंग सडते.”

कोलूले ते पटलं नाही. पण रोज येऊन बसू लागला. पटलं नाही म्हणून कामाच्या जागेवरून उठून जाणारा तो माणूस नव्हे.

अतुलनं काम समजावून सांगितलं, राळ अन् ती घट्ट करायचं औषध देऊन तो गेला. नाव पळसाखाली काढली. सारी शिंगं, कप्प्या, कड्या हरिदासनं उतरवल्या. आता सडकं कुठवर गेलं ते पाहायचं होतं. तो पाठ हातोडीच्या दांड्यानं ठोकत होता अन् कान लावत होता. गिरजाबाई भाकर घेऊन आली होती. नावेशी तिचा बोलणं बंदचा कारभार होता, पण कान काही बंद नव्हते.

“इथी काऊन ठोकता?” ती म्हणाली. “इथी तं चांगला मडक्यासारखा वाजते. तिकडे ठोका, तिकडे पिकलं टरबूज आहे.”

टरबूजच निघालं. हरिदासनं खिळा वाकवून ड्रिलात बसवला अन् भोकातून आतलं सडकं प्लाय खरडून काढलं. गाळलेल्या चहापत्तीसारखा काळा ओला चोथा निघाला. मग दिवसच्या दिवस नाव उन्हात वाळत ठेवली. हरिदासले घाई, मंडई जवळ येऊन राह्यलेली. पण गिरजाबाई येता-जाता भोकात कापसाची वात घालून गालाले लावून पाहे अन् म्हणे, “ओलं आहे अजून.” कोणाशी बोलते ते सांगत नसे.

वात कोरडी निघाली तेव्हा खालून चिकटपट्टी लावून, ढोराच्या दवाखान्यातल्या मोठ्या पिचकारीनं भोकाभोकात राळ भरली. राळ गोट्यासारखी झाली. तिच्यातूनच नवीन भोकं पाडली. आता बोल्ट जाईल तो राळेतून, प्लायचा अन् पाण्याचा संबंधच नाही.

उरलं शिंगं परत बसवणं. अतुलनं फटी बुजवायच्या सीलंटची नळी दिली होती अन् जाताना दोनदा बजावलं होतं, पहिल्या खेपेले कसू नका. सीलंट कडेनं जरासं दिसलं की थांबा. ते सुकू द्या, मग खालून नट कसा. हरिदासनं मान हलवली होती. पण हात कोणाचा? तुडमाचा. पहिलं शिंग ठेवलं, बोल्ट टाकला, पाना लावला अन् दात-ओठ खाऊन फिरवला. फिरवतच राह्यला. चारी बाजूंनी सीलंट भसाभसा बाहेर आलं. कोलू खुश झाला. “आता बसलं पाहा भाऊ! आता हत्ती ओढन तरी निघणार नाई.”

गिरजाबाई कमरेवर हात देऊन उभी होती.

“अवो, कानोला कधी केला काय तुमीनं?”

“आता कानोल्याचं काय मधातच?”

“कानोल्याची कड अशी दाबली तं सारण कुठी जाते? सारं बाहेर. मंग तेलात फुटते. माही सासू सांगे, काठ चिपकला की बोट काढ. तुमी आतलं सारं बाहेर काढलं. पाणी अडवाले मधात राह्यलं काय?”

हरिदासनं पाना खाली ठेवला.  मग सारं खोललं, पुसलं अन् नव्यानं लावलं. बोल्ट फिरवला, सीलंटची बारीक कड दिसली अन् त्याचा हात पुढं जायले लागला तसं गिरजाबाई म्हणाली, “हूं.” थांबला. पुढच्या शिंगाले पुन्हा “हूं.” असं करत सारी शिंगं बसली. हरिदास सांगतो, उभ्या आयुष्यात एवढं जड काम केलं नाही. चाक फिरवून पाणी अडवणं सोपं. सोडून देऊन अडवणं, हे त्याच्या बापानंही केलं नव्हतं.

सुकल्यावर खालून नट कसायचे, तर नटाखाली जाड पत्र्याची पट्टी पाहिजे, नाहीतर जोर एकाच जागी येतो. पत्रा शोधत हरिदास घरभर फिरला. गिरजाबाईनं माळ्यावरून एक परात काढली. चांगली जाड, स्टीलची. काठावर कोरलेलं, ‘धुरपताबाई यांचेकडून सप्रेम भेट’.

“ही घ्या. कापा.”

“इहिनीनं देल्लेली आहे वो! लेकीच्या लग्नातली.”

“म्हूनच.”

 परातीचे तुकडे झाले अन् एकेका शिंगाखाली बसले.

मंडईच्या सकाळी वारा चांगला होता. हरिदासनं नाव पाण्यात ढकलली, शीड चढवलं अन् काठाकडं पाहत उभा राहिला. बोलवलं नाही त्यानं. बोलवायचं काय होतं? ती आली तर नाव राहिली, नाही तर सोसायटीचे ढिवर पारीवर येऊन बसलेच होते, विड्या ओढत. कोलूही होता.

गिरजाबाई आली. अंगावर मागच्या साली भिजलेलं तेच आपलं लुगडं, हातात कानोल्यांचा डबा अन् काखेत पेटीतलं इहिनीचं लुगडं. नावेत चढली, खोलीत वाकून गेली. अन् डबा बाजूले ठेवून तिनं इहिनीचं लुगडं उलगडलं, दुहेरी केलं अन् मागच्या साली सर्वात जास्त गळलेल्या शिंगाखाली नीट अंथरलं.

“हे काय?” हरिदासनं वरून वाकून विचारलं.

“भिजलं तं तिचं भिजन. माह्यं तं नाई ना.”

नाव निघाली. मधात वारा तसाच उलटला, जसा मागच्या सालीही उलटला होता. नाव तिरपी झाली अन् लाट पाठीवरून सरसरत गेली. हरिदासनं सुकाणू धरलं होतं, पण डोळे खोलीच्या दारावर.  दुसरी लाट गेली.

“गिरजा?”

आवाज नाही.

“काय वो, गळते काय?”

“तुमी नाव पाहा. मी लुगडं पाहून राह्यली.”

मग जरा वेळानं आतून डबा उघडल्याचा आवाज आला. एक हात बाहेर आला, हातात कानोला. “खा,” म्हणाली. हरिदासनं खाल्ला. कड फुटली नव्हती.

पैलतीरी संघप्रिया अन् तिच्यामागं धुरपताबाई उभी. या वेळी तिच्या खांद्यावर आधीच एक लुगडं टाकलेलं, तयारीनं.

“जय भीम, इहीनबाई,” गिरजाबाई उतरली. पायाची बोटं सोडून कुठं ओली नाही. तिनं पुन्हा घडी घालून काखेत घेतलेलं लुगडं पुढं केलं. “तुमचं ठेवलं होतं. मीच आणीन म्हटलं.”

धुरपताबाईनं लुगडं हातात घेतलं, दोन बोटांनी चोळून पाह्यलं, घडीच्या आतही बोट घालून पाह्यलं. मग वाकून नावेच्या खोलीत डोकावली. छताकडं पाहता पाहता थांबली. एका नटाखाली पत्र्यावर स्पष्ट अक्षरं होती, ‘धुरपताबाई’. पलीकडच्या नटाखाली ‘सप्रेम’.

“बाप्पा! ही तं माही परात!”

“तुमच्यामुळंच कोरडी आली जी मी,” गिरजाबाई म्हणाली.

 धुरपताबाईनं पदर खोचला अन् खोलीत जाऊन बसली. “चला इवाई,” ती हरिदासले म्हणाली. “तिले मिरवलं, आता मले एक चक्कर मारून आणा. परात माही आहे.”

हरिदासनं शीड ओढलं. दोर शिंगाले गुंडाळला, एक वेढा, दुसरा वेढा. तिसरा घ्यायले हात गेला, अन् काठावरून गिरजाबाईनं म्हटलं, “हूं.”