कुठूनसर आणि चिंचफाट्याचा ठिपका

भाजीवालीला भाव न विचारणारं गिऱ्हाईक तुम्ही पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे. अमरावतीच्या बाजारात सर माझ्या मेथीसमोर उकिडवे बसायचे, पिशवीतून वही काढायचे आणि पहिला प्रश्न, "कुठून आल्या, बाई?" मग कशानं आल्या, किती वाजता निघाल्या, वाटेत नाला लागते का. भाजी शेवटी. कधी कधी तर ती घ्यायचीच राहून जायची आणि मीच मागून ओरडायची, "सर, सांबार राह्यला ना! घरी बाई रागावतीन." सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर.

बाजारात त्यांचं नाव पडलं कुठूनसर. कॉलेजात ते भूगोल शिकवत, पण डोंगर-नद्यांचा नाही. कोणतं गाव कोणत्या बाजारावर जगतं, आणि सरकारनं आखलेल्या हद्दी त्यात कुठे आडव्या येतात, हा त्यांचा विषय. घर अकोल्याला, नोकरी अमरावतीला. माझ्या शेजारी बसणाऱ्या गंगूबाईला हे काही पटत नसे. "भूगोल शिकवते म्हंते आन मले रस्ता इचारते," ती म्हणायची. "याले पगार कावून देत असतीन?" हे सरांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "गंगूबाई, माह्या बायकोचा बी हाच प्रश्न हाय."

आमचं सावंगी कागदावर अकोला जिल्ह्यात. पण माझी सासू, तिची सासू, सगळ्यांनी भाजी आणली ती अमरावतीला. सरांना याची फार मौज वाटे. "सरकार रेघ ओढते, बाई, आन टोपली थे ओलांडून जाते," असं ते म्हणत. पुढे पुस्तकातही त्यांनी हे वाक्य घातलं, शुद्ध करून. मला आपलं बाजारातलंच आवडतं.

पण तीच रेघ आम्हाला नडत होती. सावंगीहून पायवाटेनं चिंचफाट्यावर यायचं. हमरस्त्याच्या कडेला एक चिंच आणि एक पंक्चरवाला, बस्स. तिथं एसटीची गाडी थांबत नसे. इकडचे, अमरावतीचे साहेब म्हणत, गाव तिकडचं. तिकडचे, अकोल्याचे म्हणत, गाडी इकडची. काळीपिवळी जीप यायची ती भरलेली. आम्ही टोपल्या घेऊन हात करत उभ्या, आणि ऊन चढलं की मेथी मान टाकायची. बाजारात उशिरा पोचलेल्या बाईला जागाही मिळत नाही. आमच्यातल्या दोघींनी बाजार सोडून मजुरी धरली होती. माझंही मन डळमळत होतं.

सरांनी एक जाड पुस्तक इंग्रजीत लिहिलं होतं, ते मी फक्त हातात धरून पाहिलं. मग त्यांनी आमच्या बाजारावर मराठीत लिहायला घेतलं आणि एकेक पान मला वाचून दाखवू लागले. मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं शिक्षण भाजी बांधायला आणलेल्या रद्दीतून. पण सरांचं म्हणणं, "तुमाले समजलं तं जगाले समजन."

"केंद्रस्थान म्हंजे काय, सर?"

"बाजाराचं गाव."

"मंग बाजाराचं गावच लिवा ना. कोनाले भेता?"

सरांनी तिथल्या तिथे खोडलं.

एका सकाळी ते नकाशा घेऊन आले. पुस्तक छापखान्यात गेलेलं, चेहरा लग्नघरासारखा. पोत्यावर नकाशा पसरला. जिथून जास्त भाजी येते तिथला ठिपका मोठा, असं ते समजावून सांगू लागले. मी आधी सावंगी शोधली. नव्हती. आजूबाजूची गावंही नव्हती. आणि मधोमध लाडवाएवढा ठिपका: चिंचफाटा.

"सर, तिथी तं मानूसच राह्यत नाई," मी म्हटलं. "एक पंक्चरवाला हाय, थो बी संध्याकाळी घरी जाते."

सरांनी वही काढली, पानं उलटली, पुन्हा उलटली. पंधरा वर्षं ते "कुठून आल्या" विचारत होते, आणि आम्ही सगळ्या जणी जिथून गाडीत बसलो ते ठिकाण सांगत होतो. त्याच्या आधीचं चालणं कोण सांगणार? ते काय, पायच करतात.

गंगूबाई पुढे सरकली. "राहू द्या ना तसाच, सर! येवढा मोठा ठिपका पाहून गाडी झक मारून थांबन."

खरं सांगते, मलाही तेच वाटलं. कशाला तोंड उघडलं मी, असं झालं.

"गंगूबाई," सर म्हणाले, "खोट्या ठिपक्यावर थांबलेली गाडी, कोनी येऊन पाह्यलं का निघून जाईन." आणि दुसऱ्याच दिवशी ते छापखान्यातून पुस्तक परत घेऊन आले. कॉलेजातले लोक हसले म्हणे. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. सांबारही निवडून दिला नाही.

मग एके दिवशी तांबडं फुटायच्या आत सर आमच्या गावात हजर! आमच्या मागोमाग फाट्यापर्यंत चालले, घड्याळ बघत. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावाहून, मग तिसऱ्या. अशी सात गावं. एकदा हट्टानं माझी भरली टोपली डोक्यावर घेतली आणि नाल्यात मेथीसकट बसले. आम्ही हसून हसून वाकड्या. सर मात्र तिथंच, ओल्या कपड्यांनी वहीत लिहू लागले. "बाई, रिकाम्या टोपलीचं अंतर येगळं, भरल्या टोपलीचं येगळं. हे मले कोन्या पुस्तकात भेटलं नाई."

नव्या नकाशात सात बारके ठिपके होते, सात पायवाटा होत्या, आणि चिंचफाट्यावर त्यांची नुसती गाठ. सरांनी दोन्हीकडच्या साहेबांना एका टेबलाशी आणलं. मी आणि गंगूबाई मागच्या बाकावर, पदर सावरून.

"पण सर, तिथं वस्ती कुठे आहे?" एक साहेब म्हणाले.

"नाही. म्हणूनच थांबा पाहिजे," सर म्हणाले. "तिथं वस्ती चालत येते."

"आन डोक्शावर ओझं घेऊन येते," गंगूबाई मागून म्हणाली.

दोघा साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. पंधरवड्यात चिंचेखाली थांब्याची पाटी लागली. पुस्तक त्यानंतर वर्षानं आलं. सावंगी आहे त्यात, बोट ठेवून दाखवीन.

सर रिटायर होऊन अकोल्याला गेले, तरी फोन करून विचारायचे, गाडी वेळेवर येते का, नाल्यावर पूल झाला का. इकडे थांब्यापाशी चहाची टपरी आली, मग खताचं दुकान, दोन घरं. आता दर गुरुवारी तिथंच भाजीबाजार भरतो. मी फोनवर सांगितलं, "सर, तुमचा लाडू खरा झाला!" केवढे हसले. "म्हंजे मी चुकलो नवतो, बाई. जरा लवकर आलो होतो."

यंदा दिवाळीनंतर सर गेले. मी अकोल्याला भेटायला गेले. बैठकीच्या भिंतीवर तो जुना, चुकलेला नकाशा फ्रेम करून लावलेला. हार नव्हता, फोटो नव्हता, नुसता तो. लाडवाएवढ्या ठिपक्याकडे मी बघतच राहिले. सरांची सून आल्यागेल्याची नावं-गावं वहीत लिहून ठेवत होती. तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "मावशी, कुठून आलात?"

"चिंचफाट्याहून," मी बोलून गेले.

कोपऱ्यात सरांच्या बाई बसल्या होत्या. सावंगीच्या मेथीवालीबद्दल सरांनी त्यांना सगळं सांगितलेलं. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, आणि डोळे पुसता पुसता हसू लागल्या.

"खोड थे, सूनबाई," त्या म्हणाल्या. "सावंगी लिव. नाई तं हे पुन्हा छापखान्यात जातीन."