उणकलला नेलेला कोळंबीचा पास्ता

भूतखेत, करणी, नजर — या असल्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकंच फिरतं. मी हायस्कूलात सायन्स शिकवते, त्यामुळे वाचून हसलात तरी राग येणार नाही. पण झालं ते झालं.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. आम्ही हुबळीत केशवापूरला राहायचो. माझी धाकटी बहीण सुमी उणकलला, नव्या घरात. दोनदा पोट पडलेलं, हे तिसरं... सहावा महिना, आणि अन्नावरची वासनाच उडालेली. डॉक्टरीणबाई वजनावरून ओरडायच्या. मला रात्रंदिवस तोच घोर.

एका रविवारी फोनवर म्हणाली, "अक्का, टीव्हीवर दाखवतात तसला कोळंबीचा पास्ता करशील? झणझणीत?"

सुमीनं काहीतरी मागितलं! बाजारातून कारवारची कोळंबी आणली. सासूबाई मासे खात नाहीत, म्हणून आमच्याकडं ते मागच्या पडवीतल्या स्टोव्हवरच. तेलात भरपूर लसूण, टोमॅटो, रंगाला ब्याडगी, तिखटाला गुंटूर मिरची. कोळंबी घालायच्या आधी रस्सा चाखला तर डोळ्यांतून पाणी! मग कोळंबी परतली, उकडलेली मॅकरोनी ढवळली. यांना ताटात वाढलं, बाकीचं डब्यात.

सासूबाई दारात आल्या. "डब्यावर कोळसा ठेव गं. मासे घेऊन तळ्यावरनं जाणार तू."

"अहो आई, कोळशानं काय होतंय?" म्हणत मी रिक्षात बसले.

उणकलच्या तळ्यापाशी रिक्षा बंद पडली. ड्रायव्हर किक मारतोय, भर दुपारचं ऊन... आणि मांडीवरचा गरम डबा एकाएकी गार पडला. दचकलेच. स्टीलचा डबा, वारा लागला असेल, म्हटलं.

सुमीनं पहिला घास घेतला आणि थुंकला. "अक्का, मीठ-तिखट घातलंस का नाही?"

"चल, काहीतरीच!" मी चाखला. लालभडक पास्ता, पण चव... शून्य. मीठ नाही, लसूण नाही. ओला कागद चघळल्यासारखं. मीही थुंकले. तरी चमचा तिच्या तोंडाशी नेला, "दोनच घास, पोटातल्यासाठी..." तिनं मान फिरवली. चिडून मी डबाभर पास्ता कचऱ्यात ओतला.

घरी येते तो हे मोरीत वाकलेले. उलट्या, जुलाब, अंग थंडगार. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, "सीगडी केट्टित्तु... कोळंबी खराब होती. गरोदर बाईनं खाल्ली असती तर कठीण होतं."

मग जरा बरं वाटल्यावर हे क्षीण आवाजात म्हणतात, "झाला मात्र झकास होता गं. तिखटानं नाकातनं पाणी... दोनदा वाढून घेतला."

एकाच कढईतला!

सासूबाई म्हणतात, वाटेत कुणीतरी चव खाल्ली. गरोदरपणात जिभेची चव जाते, कबूल. पण माझी कशी गेली? बरं, कुणी खाल्लीच असेल, तर त्याला घाबरू की त्याच्या पाया पडू? इतकी वर्षं झाली, काही कळत नाही.

सुमीची मुलगी आता कॉलेजात जाते. ती "मावशी" म्हणून गळ्यात पडली की तो डबा आठवतो... त्या दिवशी पास्त्याला चव असती, तर मी माझ्या हातानं भरवला असता. लाडानं, डबा संपेपर्यंत.