चौथा ढीग

प्रयागबाईच्या हातचे वाटे सरळ, हे सावळी गावात कोणालाही विचारा. उमरेड रस्त्यावरून आत वळलं की कालव्यापलीकडे त्यांचं वावर, आणि वावराच्या कडेला धुऱ्यावर शेंद्र्या. शेंद्र्या म्हणजे आंब्याचं झाड. पाडाला आलं की फळावर शेंदरी रंग चढतो म्हणून ते नाव. मे महिन्यात एक दिवस ठरवून सगळं खानदान या झाडाखाली जमतं. नागपूरच्या लकडगंजातून प्रयागबाईचा भाऊ ताराचंद येतो, जरीपटक्यातून दुसरा भाऊ गोविंदा येतो, त्यांच्या बायका, लेकी-सुना, पोट्टेपाट्टे येतात. थोरला रुपराव तर गावातच असतो. सकाळी आंबे उतरवायचे, गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, आणि वरून वाटीभर रस. ऊन म्हणाल तर नागपूरचं ऊन आहे. त्याच्याबद्दल बोलत बसायचं नाही, डोक्याला दुपट्टा बांधायचा.

आता या जेवणाचे काही कायदे आहेत, म्हाताऱ्या बापाने घालून दिलेले. पहिला कायदा असा, की वाटे झाल्याशिवाय आंबा कोणी तोंडाला लावायचा नाही. भाऊ तीन, म्हणून ढीग तीन. प्रत्येक वाटेकऱ्याने आपली एकेक वस्तू खूण म्हणून द्यायची आणि घरातल्या सगळ्यात नव्या सुनेने त्या खुणा ढिगांवर टाकायच्या. नव्या सुनेलाच का? तिला अजून कोणाचा दुपट्टा कोणता ते माहीत नसतं, म्हणून. ज्याची खूण जिथे पडली तो ढीग त्याचा. दुसरा कायदा याहून भारी. ढीग घालायचे ते ज्याला वाटा नाही त्याने. वाटा नाही तर हाताला लोभ नाही, असा बापजाद्यांचा हिशेब. काय डोकं लावलं बघा! बाईला बिनवाट्याची ठेवायची आणि वरून तिच्या सरळपणाचं कौतुक करायचं. आधी प्रयागबाईची विधवा आत्या हे ढीग घालायची. आत्या गेली तसं ते काम प्रयागबाईच्या हातात आलं.

प्रयागबाईला भंडाऱ्याकडे दिली होती. नवऱ्याने एक दिवस दुसरी करून घरात आणली. प्रयागबाईने रडारड केली नाही. स्वयंपाक केला, दोघांना पोटभर वाढलं, उष्टी ताटं घासायला नवीला ठेवली आणि नागपूरची बस पकडली. तेव्हापासून ती या वावरात आहे. दोघं भाऊ शहरात गेले, रुपरावाने गावात किराणा टाकला आणि मणक्याचं निमित्त करून वावरात यायचं सोडलं. निंदण, डवरणी, फवारणी, रानडुकरांमागे पळणं, वीज येईल तेव्हा उठून पाणी देणं, सगळं प्रयागबाईच्या अंगावर. भाऊ वाईट होते असं नाही हं. दिवाळीला लुगडं द्यायचे, ताप आला तर नागपूरला दवाखान्यात न्यायचे. पण आंब्याच्या दिवशी तीन ढीग तिघं उचलायचे आणि मग त्यातले थोडे थोडे पिशवीत घालून तिच्या हातात ठेवायचे. "घे वं ताई, तुले." तीही घ्यायची. इतकी वर्षं घेतली, खोटं कशाला बोला.

यंदा त्या दिवशी सकाळी मात्र इपरीत घडलं. प्रयागबाई विहिरीवरून पाण्याची कळशी घेऊन येत होती. तिघं भाऊ झाडाच्या पलीकडे खाटेवर चहा पीत बसले होते.

"पंधरवड्यात मोजणीवाला येऊन राहिला," गोविंदा म्हणत होता. "वावराचे तीन हिस्से करून टाकू. झंझट खतम."

"अन् ताईचं?" ताराचंदाने विचारलं.

"तिचं काय?" रुपराव म्हणाला. "चार महिने माह्याकडं राहीन, चार तुह्याकडं, चार गोविंदाकडं. आपली बहीण हाय, रस्त्यावर थोडीच टाकून देतो?"

आणि तिघंही कसे प्रेमाने हसले! रागाने बोलले असते तर प्रयागबाईने ऐकून सोडून दिलं असतं. पण ते मनापासून बोलत होते, आपण बहिणीचं फार चांगलं करून राहिलो असं त्यांना वाटत होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या वावराचा दगड न दगड तिने वेचला त्यात तिला पाय ठेवायला जागा नाही, आणि तिची स्वतःची मात्र वाटणी झाली होती. कळशी तिने हळूच खाली ठेवली.

आंबे उतरले. झाडाखाली तणीस पसरून सगळा माल तिच्यासमोर ओतला. पुरुष मंडळी गोवऱ्यांच्या धुरात रोडगे उलटवत होती, बायका वांगी चिरत होत्या. तिच्याकडे कोणी बघायची गरजच नव्हती, तिच्या हातावर इतका भरवसा. तिने नेहमीसारखीच निवड केली. मोठे वेगळे, मधले वेगळे, राघूने टोचलेले वेगळे, झाडावरच पिकलेले वेगळे. मग एकेक फळ फिरवत फिरवत ढिगांवर ठेवत गेली. सगळं संपल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि हाक मारली, "या बापा, झाले वाटे."

गोविंदा आधी आला. ढिगांकडे बघून डोकं खाजवलं.

"ताई, मोजण्यात चुकली का वं? हे त चार होऊन राहिले."

"इतकी वर्षं चुकून राहिली होती. आज बरोबर मोजले."

"चौथा कोणाचा?" मागून रुपरावाने विचारलं.

"माहा."

रुपराव हसला. त्याला खरंच गंमत वाटली. "अवं प्रयाग, आंबे पायजे त सांगाव ना तोंडानं! माह्या ढिगातले अर्धे उचल. पुरा ढीग ने. नाही म्हणतो का मी?"

"मले दिलेलं नाही पायजे, भाऊ. दिलेलं खाऊन खाऊन तोंड विटलं. मले वाट्याचं पायजे."

आता हसू बंद झालं. आंब्यावरून ही बाई वावरावर आली, हे सगळ्यांना बरोबर समजलं. या घरात जितके ढीग तितके वावराचे हिस्से, हे बारक्या पोट्ट्यालाही माहीत होतं. रुपरावाने तिच्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं. ताराचंदाची सून अपेक्षा, फाल्गुनात लग्न होऊन आलेली, रिवाजाप्रमाणे तोंड फिरवून पदर पसरून उभी होती. रुपरावाने त्यात तंबाखूची डबी टाकली, ताराचंदाने दुपट्टा, गोविंदाने गाडीची चावी. प्रयागबाईने कमरेचा इळा काढला आणि तोही पदरात ठेवला.

रुपरावाने इळा उचलला आणि धुळीत फेकला.

तो इळा बापाचा होता. मूठ झिजून प्रयागबाईच्या हाताच्या मापाची झाली होती. हे लोक आता चालती हो म्हणाले तर? या वयात कुठे जायचं, कोणाच्या दारात? पण पाय मागे घ्यायला ती तयार नव्हती. ती ढिगांच्या मधोमध मांडी घालून बसली.

"ठीक हाय," ती म्हणाली. "मंग वाटे झालेच नाही. अन् वाटे झाल्याबगर आंबा कोणी तोंडाले लावाव नाही, हे कोणाचं बोलणं? बाबाचं. आता लावा ज्याले लावायचा त्यानं."

झाली ना पंचाईत! बाकी कशात बापाचं कोणी ऐकलं नाही, पण या एका कायद्यावर त्यांनी आपापली पोरं दटावून वाढवली होती. रोडगे राखेतून निघाले, तूप लावून झालं, वरण दाटून आलं. रसाचं भांडं रिकामं. पोट्ट्यांनी गलका सुरू केला. शेंद्र्याची सावली सरकत सरकत ढिगांवरून निघून गेली आणि ऊन थेट फळांवर आलं.

"आंबे उन्हानं खराब होतीन ना, ताई," गोविंदा गयावया करत म्हणाला.

"होऊ दे. तीन माणसांचे होतीन, माहं काय जाते?"

"चौथा ढीग मोठा घातला असन तिनं," ताराचंद पुटपुटला. "म्हणून एवढी अडून बसली."

"मंग तोच घे तू! सांग त, चौथा कोणता?"

ताराचंदाने ढिगांभोवती फेरी मारली. वाकून पाहिलं, पुन्हा फेरी मारली. त्याला काही सांगता येईना. बायकांमध्ये कोणीतरी खुदकन हसलं आणि तो चिडून खाटेवर जाऊन बसला.

रुपराव जवळ आला, आवाज खाली आणला. "प्रयाग, गावात कोणत्या बहिणीनं असा वाटा मागितला, सांग. लोकायले तोंड कसं दाखवाव मी?"

"नवऱ्यानं टाकलेली म्हणून मी याच गावात तोंड दाखवलं, भाऊ. रोज दाखवलं. मले कोणी मारून नाही टाकलं, तुलेही नाही टाकीन."

"तुले कमी काय केलं आमी? आजवर सांभाळून राहिलो—"

"कोण कोणाले सांभाळून राहिलं?" आता तिचा आवाज चढला आणि तिने तो उतरवला नाही. "वावर मी सांभाळलं. माय-बाप मी सांभाळले. तूर निघाली, गहू निघाला, पोते कोणाकोणाच्या घरी गेले? अन् सकाळी खाटेवर बसून मलेच वाटून घेतलं तुमी! चार महिने याच्याकडं, चार त्याच्याकडं! मी काय आंबा हाय? मी नाही जात कोणाच्या वाट्यात. माहा वाटा टाका इथं, नाही त बसा उपाशी!"

रुपरावाचा चेहरा उतरला, पण मान झुकली नाही. तोही त्याच बापाचा मुलगा.

चुलीपाशी रुपरावाची बायको सुमती बसली होती. लग्न होऊन आल्यापासून चारचौघांत नवऱ्यापुढे तिने तोंड उघडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ती उठली. तुपाचे हात तसेच. धुळीत पडलेला इळा तिने उचलला, आपल्या पदराने पुसला आणि अपेक्षाच्या पदरात टाकला.

"सुमती!" रुपराव ओरडला.

"काय सुमती? माह्या माहेरी पाच एकर ओलिताचं होतं. मले कोणी विचारलं का? नाही. मीही नाही विचारलं, आजपर्यंत जीव जळते माहा. प्रयागबाई विचारून राहिल्या, त त्यायचं तोंड काहून बंद करता?" मग ती सुनेकडे वळली. "टाक वं पोरी. घाबरू नको."

अपेक्षा बिचारी नवी सून, समोर चुलत सासरा डोळे वटारून उभा आणि मागे सगळ्या बायका. आता इळा कोणाचा ते तिला पक्कं समजलं होतं. म्हणून तिने डोळे गच्च मिटले. सुमतीने तिला खांद्याला धरून जागच्या जागी फिरवलं आणि ढिगांमधून चालवलं. डबी पडली. चावी पडली. दुपट्टा पडला. झाडाच्या बुंध्याजवळच्या ढिगावर इळा पडला.

प्रयागबाईने भावाकडे बघितलं. फेक आता, असं तिचे डोळे म्हणत होते. पुन्हा फेक, मी पुन्हा ठेवते.

रुपराव चारही ढिगांवरून नजर फिरवत पुढे आला. मग तो वाकला आणि आपल्या ढिगावरची डबी उचलली. त्याच्या ढिगावरची, फक्त त्याच्या. इळ्याला त्याने हात लावला नाही.

"मोजणीवाल्याले मंग सांगाव लागीन," गोविंदा चाचरत म्हणाला.

"काय सांगाव लागीन?" प्रयागबाईने विचारलं. हे तिला कोणाच्या तरी तोंडून ऐकायचंच होतं.

शेवटी रुपरावच बोलला, तळहातावर तंबाखू चोळत, वर न बघता. "चार हिस्से म्हणून सांग त्याले."

पोरं रसाच्या भांड्याकडे धावली. ताटं मांडायला सुरुवात झाली. पण रुपरावाच्या मनात काटा होताच. सरळ हरणारा माणूस तो नव्हे. "ठीक हाय," तो म्हणाला. "तू वाटेकरी झाली. पण पुढच्या साली ढीग कोण घालीन? कायदा त कायदा हाय. ज्याले वाटा नाही त्यानंच घालाव लागते."

प्रयागबाई उठली. गुडघ्यांची धूळ झटकली.

"बरोबर बोलला भाऊ. ज्याले वाटा नको, त्यानं घालाव. हाय कोणी?"

तिने एकेकाकडे बघितलं. रुपरावाने डबीचं झाकण लावलं. ताराचंदाने दुपट्टा खांद्यावर घेतला, गोविंदाने चावी खिशात टाकली. मग तिने बायकांकडे बघितलं, लेकींकडे, सुनांकडे. अपेक्षाने मान खाली घातली नाही. एकीनेही हात वर केला नाही.

प्रयागबाईने आपल्या ढिगातला एक पिकलेला आंबा उचलला, देठ मोडून चीक पिळून टाकला, आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या देखत, उभ्या उभ्या चोखायला सुरुवात केली.