मोरब्रोर

वाईहून तार आली तेव्हा मी पापड लाटत होते. मामा गेला. हातातली लाटी तशीच वाळली... त्याला आता महिना होऊन गेला.

मामा वाईच्या पाठशाळेत संस्कृत शिकवायचा. माझी आई मी लहान असतानाच गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं. ‘पोरीला मी वाढवतो,’ असं मामा म्हणाला ते वडिलांना झोंबलं. तेव्हापासून मामा सांगलीला आला तरी ओटीवरूनच परत जाई. ओटीवर त्याला एक जोडीदार मात्र मिळाला. गिरणीचं इंजिन बसवायला आलेला डेन्मार्कचा एक साहेब आमच्याकडे भाड्यानं राहायचा. युद्ध पेटलं, त्याच्या देशात जर्मन शिरले नि घरची पत्रं बंद झाली. माझी ‘मामा’ अशी हाक ऐकून तो एकदा म्हणाला, माझा भाचा मला ‘मोरब्रोर’ म्हणतो. झालं! मामानं तो शब्द सोलायलाच घेतला. मोर म्हणजे आई, ब्रोर म्हणजे भाऊ. जुन्या बोलीत मोदर नि ब्रोदर. आपले मातृ आणि भ्रातृ. वडील आतूनच म्हणाले, म्हणजे आपल्याकडूनच गेला की! मामा म्हणाला, छे हो, या दोन्ही भाषा बहिणी. यांची आई कुणीच पाहिलेली नाही.

पुढं माझं लग्न ठरलं. आमच्यात नवरीला बोहल्यावर मामा आणतो, मंगलाष्टकं होईतो तिच्या मागं उभा राहतो. वडिलांनी ठरवलं, मामा म्हणजे आताच्या आईचा भाऊ. मला रडू कोसळलं, पण आम्हां पोरींना तेव्हा विचारतो कोण? लग्नाच्या सकाळी मामा अष्टपुत्री, म्हणजे मामानं द्यायची ती पिवळी साडी, घेऊन आला आणि ओटीवर बसला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, “दाजी, त्या साहेबाच्या शब्दात आई आधी येते, भाऊ तिच्या मागून. माझी बहीण गेली म्हणून तिला त्यातून काढता येईल का?”

वडिलांनी हातातला अडकित्ता तबकात ठेवला. आताच्या आईनं आपल्या भावाला डोळ्यांनीच थांबवलं, तिचे हे उपकार मी विसरणार नाही. मग वडील म्हणाले, “आत या. पोर तयार होतेय.” अंतरपाटाआड मामाचा हात माझ्या खांद्यावर होता.

परवा धाकटा भाऊ भेटायला आला. हा आताच्या आईचा मुलगा. माझी लेक ‘मामा, मामा’ करत त्याच्या मांडीवर चढली. बोलता बोलता तो म्हणाला, ताई, हिच्या लग्नात मला मागं उभं राहू देतील का गं? मी सख्खा नाही ना...

मी ट्रंकेच्या तळातून ती पिवळी साडी काढली आणि त्याच्या हातात दिली.

“आई मी आहे ना? मग मागं तूच.”